बाबांच्या फोनवरचे चार आकडे

दर शनिवारी दुपारी आमचा टीव्ही मला विचारतो, तुम्ही कोण? तोंडाने विचारत नाही, पण पडद्यावर चार रिकामे चौकोन मांडून बसतो मेला. त्यांत चार आकडे भरले की मग आमची ओळख पटते. तीन वर्षं याच भिंतीवर टांगलाय, याच्यावरची धूळ मीच पुसते, आणि हा मलाच विचारतो.

शनिवारी माझं काम दीडला सुटतं. मी दात बनवते. म्हणजे कवळ्या. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे येतात. त्यावर मेणात एकेक दात बसवायचा, वरच्या दाढा खालच्या दाढांवर नीट टेकतात का बघायचं, आणि टेकत नसतील तर सगळे काढून पुन्हा पहिल्यापासून. आठवडाभर हे केलं की मान आणि मनगटं माझी राहत नाहीत. दिवसभर परक्यांचे दात लावायचे आणि घरी येऊन स्वतःचे दातओठ खायचे, असा माझा संसार आहे.

घरी येते तेव्हा सासूबाई खुर्चीत तयार बसलेल्या असतात. चष्मा पुसलेला, गुडघ्यांवर शाल, हातात विणकाम. समोर ते चार चौकोन.

"बघ बाई, पुन्हा मागतोय," त्या म्हणतात.

"काल संध्याकाळी तर बरा चालला होता की."

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं!"

त्यांची मालिका तिकडची, आपल्याकडची. ती ज्या ॲपवर दिसते ते ॲपही फक्त तिकडेच चालतं. इकडून लावायला गेलं की 'हा कार्यक्रम तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही' असं पांढऱ्या अक्षरांत सांगून मोकळं होतं. म्हणून नवऱ्याने राउटरमध्ये काहीतरी करामत करून ठेवली आहे, त्यामुळे ॲपला वाटतं आपला टीव्ही अजून तिकडेच आहे. घर सोडून बारा वर्षं झाली, आमच्यातला तेवढा एक टीव्हीच तिकडे राहायचा उरला. पण ॲपला मधूनच संशय येतो आणि ते आम्हाला बाहेर काढतं, असं माझं ठाम मत होतं. एकदा बाहेर काढलं की आत यायला कोड लागतो, आणि तो कोड जातो बाबांच्या फोनवर.

बाबा म्हणजे माझे सासरे. ॲपचं खातं त्यांच्या नावावर, नंबर त्यांचा. ते जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचा फोन माझ्या थोरल्या दिरांकडे आहे. भाऊजी तो फोन चालू ठेवतात, चार्ज करतात आणि कोड आला की मला पाठवतात.

मी रिमोटवर 'कोड पाठवा' दाबायचं आणि लिहायचं, 'भाऊजी, कोड आलाय का?' दोन मिनिटांत चार आकडे यायचे. कशी आहेस नाही, तिकडे थंडी पडली का नाही, आकड्यांपुढे पूर्णविरामसुद्धा नाही. नुसते चार आकडे.

"आला का?" सासूबाई विचारायच्या.

"आला."

"किती वेळ लागला?"

"दोन मिनिटं असतील."

"म्हणजे घरीच आहे," असं म्हणून त्या समाधानाने मान हलवायच्या आणि सुया हातात घ्यायच्या. मालिका सुरू झाल्यावर त्यांचं लक्ष असायचं की नसायचं, मी कधी पाहिलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन पाय वर करून बसायचे.

मला का मागावा लागायचा कोड? कारण माझा नवरा मागत नाही. त्याच्यात आणि भाऊजींच्यात तीन वर्षं अबोला आहे. दोघंही पन्नाशीच्या आसपासचे, दोघांचे केस गेलेले, आणि वागणं शाळेतल्या पोरांसारखं.

बाबा गेले तेव्हा आमचे इथे राहायचे कागद नव्याने व्हायला गेलेले होते. कागद हातात नसताना बाहेर पडलो असतो तर परत आत घेतलं असतं की नाही, देव जाणे. भाऊजींचा फोन आला, "बाबा गेले. तू ये. तू येईपर्यंत थांबतो." नवरा म्हणाला, "येतो." त्याच वेळी 'जमणार नाही' म्हणाला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण हा 'येतो' म्हणाला आणि या ऑफिसातून त्या ऑफिसात पळत सुटला. एक साहेब म्हणे होईल, दुसरी बाई म्हणे शक्यच नाही. तिकडे बाबा बर्फावर, दारात नातेवाईक, आणि भाऊजी दर तासाला लोकांना सांगतायत, निघालाय, पोचेलच. तीस तासांनी याने फोन करून सांगितलं, "दादा, थांबू नकोस." भाऊजींनी एक शब्द न बोलता फोन ठेवला, तो आजतागायत उचलला नाही.

मग वर्षभराने जाऊबाईंच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि सासूबाई सहा महिन्यांसाठी म्हणून आमच्याकडे आल्या. त्याला आता दोन वर्षं होतील. नवरा मनात धरून बसला की दादाने आईला आपल्या गळ्यात टाकलं, आणि भाऊजी मनात धरून बसले की याने आईही नेली. सासूबाईंशी भाऊजी बोलतात, नाही असं नाही. रविवारी जाऊबाईंच्या फोनवरून, "औषध घेतेस ना? घे," एवढंच. धाकट्याचं नाव निघालं की फोन जाऊबाईंच्या हातात.

आल्या त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला सांगितलं होतं, "मला आता काही नको गं. माझे डोळे मिटायच्या आत हे दोघं एकमेकांशी बोलले, की सुटले मी."

"तुमच्या मुलांचा हट्ट बघता तुम्हाला शंभर वर्षं जगावं लागेल," मी म्हटलं होतं. त्या हसल्या, पण डोळ्यांत पाणी होतं. तेव्हापासून माझ्या डोक्यावर ते ओझं बसलं. या घरात जे काही जड असतं ते शेवटी माझ्याच डोक्यावर येतं.

तर असं दोन वर्षं चाललं. मग तो एक शनिवार आला. त्या दिवशी सकाळीच एका म्हाताऱ्या बाईंची कवळी तिसऱ्यांदा परत आली, खाली चिठ्ठी, 'डावी दाढ टोचते.' ती घासून घासून माझे हात भरून आले. निघायला अडीच वाजले. घरी पोचले तर चार चौकोन हजर. भाऊजींना लिहिलं. पाच मिनिटं गेली, सात गेली. नवव्या मिनिटाला आकडे आले आणि मी ते भरेपर्यंत दहावं मिनिट संपलं. कोड दहाच मिनिटं चालतो. पुन्हा मागितला, पुन्हा वाट बघितली. अंगावरचा कोटसुद्धा काढला नव्हता मी. रिमोट हातात धरून उभी होते आणि मनात आलं, हा टीव्ही खिडकीतून खाली टाकला तर कोणाच्या डोक्यात पडेल?

सोमवारी मी आमच्या प्लास्टरवाल्याजवळ हे सगळं ओकले. हा आमच्याकडे साच्यांत प्लास्टर ओततो. निवृत्तीला आलेला, तोही असाच कुठल्या लांबच्या देशातून आलेला, आणि तिथल्या बातम्या घरी टीव्हीवर लावायच्या म्हणून या सगळ्या भानगडी कोळून प्यायलेला.

"त्या नंबरचं लोढणं कशाला गळ्यात?" पातेल्यातलं प्लास्टर ढवळत तो म्हणाला. "नंबर काढ आणि तुझा ईमेल टाक. कोड तुझ्याच फोनवर येईल. दर आठवड्याला त्या माणसाला कशाला छळतेस?"

हे मला पटलं. भाऊजींचाही शनिवार आपण उगाच खातो, त्यांचाही जीव सुटेल, असं मला खरंच वाटलं. त्या शनिवारी मी भाऊजींकडून एकाऐवजी दोन कोड घेतले, एक आत शिरायला आणि एक नंबर बदलायला. दुसरा कशाला हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दहा मिनिटांत काम फत्ते. मला इतका आनंद झाला की मी एकटीच स्वयंपाकघरात हसले.

नवऱ्याला सांगितलं तर तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "बरं झालं."

पुढच्या शनिवारी टीव्हीने कोड मागितला, आणि सासूबाईंनी "आला का?" विचारायच्या आत मी आकडे भरूनसुद्धा टाकले.

"दादाने इतक्या लवकर पाठवला?"

"भाऊजी नाहीत आई, आता माझ्याच फोनवर येतो. बाबांचा नंबर काढून टाकला मी. कटकटच संपली."

सासूबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मालिका सुरू झाली, तरी त्या माझ्याकडेच बघत होत्या. "चहा टाकू का?" मी विचारलं. "नको," म्हणाल्या.

त्याच्या पुढच्या शनिवारी टीव्हीने कोड मागितलाच नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी प्लास्टरवाल्याचे आभार मानले. सासूबाईंचं विणकाम मात्र होतं तिथेच राहिलं, कुठल्याशा मफलरचं टोक आणि त्यात खुपसलेल्या सुया. चौथ्या शनिवारी मी आले तर टीव्ही बंद आणि सासूबाई भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या.

"आई, मालिका?"

"नको. डोळे दुखतात."

मला राग आला. एवढा खटाटोप कोणासाठी केला मी? मला काय त्या मालिकेतल्या बायकांची रडगाणी ऐकायची हौस होती? पण थकले होते, भांडायलाही अंगात जोर लागतो. मी दार लोटून घेतलं.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत जाऊबाईंचा फोन आला. त्या वेळ बघून, माझी सुट्टी बघून फोन करणाऱ्या. पण त्या दिवशी आवाज वेगळा होता.

"एक विचारू का गं? राग मानू नकोस. बाबांचा नंबर तुम्ही काढून टाकलात?"

"हो वहिनी. म्हटलं भाऊजींना दर आठवड्याला..."

"यांना मेसेज आला होता. बाबांच्या फोनवर. 'हा नंबर या खात्यातून काढण्यात आला आहे.' यांनी दोनदा वाचून दाखवला मला. मग म्हणाले, बरं झालं, सुटलो. आणि तो फोन बंद करून कपाटाच्या खणात टाकला. महिना झाला, खण उघडलेला नाही."

माझ्या पुढ्यात मेणाचा वरचा जबडा होता, चौदा दात लावलेला.

"अगं, शनिवारी संध्याकाळी, म्हणजे तुमच्या दुपारी, हे घराबाहेर पाऊल टाकत नव्हते," जाऊबाई सांगत होत्या. "लग्न असो, बारसं असो. साडेसहापासून दोन्ही फोन टेबलावर मांडून बसायचे. तुझा मेसेज यायच्या आधी बाबांच्या फोनवर कोड यायचा ना, तो कागदावर लिहून ठेवायचे, आकडा चुकायला नको म्हणून. एकदा यांना वेळ लागला बघ, तेव्हा मीच पाठीच्या दुखण्याने पडले होते, मला उचलत होते. त्या दिवशी किती चिडले स्वतःवर! आणि त्याच्या पुढच्याच शनिवारी तुम्ही नंबर काढला. यांना वाटलं, नऊ मिनिटं लावली म्हणून धाकट्याने नाव कापलं."

"ह्यांनी नाही वहिनी, मी. मी काढला."

"तू काढलास हे यांना कसं कळणार?"

फोन ठेवल्यावर मी तो मेणाचा जबडा तसाच झाकून ठेवला. त्या दिवशी मी एकही दात लावू शकले नाही. माझी मलाच लाज वाटत होती. महिनाभर तो माणूस काय समजून बसला असेल?

घरी येऊन सासूबाईंच्या पलंगाच्या कडेला बसले आणि सगळं सांगितलं. लपवून काय करणार? त्या उठून बसल्या, पण आश्चर्य त्यांना कशाचंच वाटलं नाही.

"आणि गंमत बघा आई," मी डोळे पुसत म्हटलं, "नंबर काढल्यापासून त्या मेल्या टीव्हीने फक्त एकदा कोड मागितला. आधी दर शनिवारी मागायचा, आता हूं की चूं नाही."

"कसा मागेल? मी कुठे त्याला बाहेर काढतेय आता?"

"काय?"

सासूबाई उठल्या, भिंतीला धरत बाहेर आल्या आणि खुर्चीत बसून त्यांनी रिमोट हातात घेतला. "डावीकडे एक," त्या पुटपुटायला लागल्या, आणि अंगठा तसा चालायला लागला. "खाली सहा. मधलं. खाली दोन. मधलं. मग तो विचारतो, खरंच का? उजवीकडे एक. मधलं." पडद्यावरची मालिकांची चित्रं गेली आणि चार चौकोन उमटले. स्वेटरची नक्षी मोजतात तशी त्यांनी ती बटणं मोजली होती.

मी बघतच राहिले. "तुम्ही? दर शनिवारी?"

"मला ती अक्षरं वाचता येत नाहीत, पण टाके मोजता येतात. पहिल्याच महिन्यात चुकून झालं होतं. तू दादाला लिहिलंस, त्याचं उत्तर आलं. म्हटलं, हे बरं आहे."

"दोन वर्षं! आई, दोन वर्षं मी कामावरून मरत मरत यायचे आणि तुम्ही..." मी रिमोट त्यांच्या हातातून ओढून घेतला. "आणि त्यात ते दोघं कुठे बोलत होते? मी मागायची आणि भाऊजी द्यायचे. तुमचा मुलगा तर सोफ्यावर लोळत असायचा!"

"तेच तर," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, आज ना उद्या तू कंटाळशील. वैतागून त्याला म्हणशील, तुझा भाऊ आहे, तूच माग. मी त्याचीच वाट बघत होते. तू कंटाळलीस खरी, पण भलतीकडेच गेलीस."

मी खाली जमिनीवरच बसले. हसावं की रडावं कळेना, मग रडलेच. माझ्या थकण्यावर कोणी दोन वर्षं आशा लावून बसलं होतं, आणि मला ते धड थकतासुद्धा आलं नव्हतं. सासूबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि केसांतून प्लास्टरचा खडा काढून शालीवर ठेवला.

"किती राबतेस गं," त्या म्हणाल्या. "चुकलंच माझं."

शनिवारी नवऱ्याला तातडीने कामावर बोलावलं होतं, तो दुपारी तीनला आला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे, आणि दारातूनच सुरू झाला, तीन माणसं सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये अडकली होती, त्यातल्या एका बाईचा श्वास कोंडायला लागला, तासभर बोलत ठेवलं तिला.

"काय बोललास?" मी विचारलं.

"काय बोलणार? घाबरू नका, मी इथेच आहे, कुठे जात नाही. दुसरं काय असतं?"

"बस इथे. हात नंतर धू."

मी त्याला जाऊबाईंचं सगळं सांगितलं, साडेसहापासून मांडलेले फोन, कागदावर लिहिलेले आकडे, खण. तो ऐकत होता, पण मान खाली. शेवटी म्हणाला, "तो उचलणार नाही माझा फोन."

"तू केलास कधी?"

"त्याने एक मेसेज तरी करायचा होता मला."

"शंभर मेसेज केलेत त्यांनी! चार चार आकड्यांचे. माझ्या फोनवर केले, कारण तू मागत नव्हतास. अरे, लिफ्टमध्ये अडकलेल्या परक्या बाईशी तासभर बोलतोस. 'मी इथेच आहे' म्हणतोस. आणि सख्ख्या भावाला तीन वर्षं मध्येच लटकवून ठेवलंस!"

सासूबाई खुर्चीत होत्या. हातात सुया होत्या, पण चालत नव्हत्या.

मग मी मनाशी ठरवलं होतं ते केलं. टीव्हीसमोर उभी राहिले आणि खात्यात ईमेलच्या जागी बाबांचा नंबर परत घातला. ॲपने विचारलं, या नंबरवर कोड पाठवू? मी मधलं बटण दाबलं. पडद्यावर चार चौकोन आले आणि त्यांच्याखाली घड्याळ उलटं धावायला लागलं, नऊ मिनिटं एकोणसाठ सेकंद.

"घे," मी म्हटलं. "कोड गेला. मी भाऊजींना काही लिहिणार नाही. मी कंटाळले."

सासूबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

नवरा पडद्याकडे बघत राहिला. घड्याळ आठ मिनिटांवर आलं तेव्हा त्याने फोन उचलला. बोटांना ग्रीस, म्हणून करंगळीने नंबर दाबला आणि स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला. पहिल्यांदा घंटी वाजून वाजून थांबली. त्याने पुन्हा लावला. या वेळी तिसऱ्या घंटीला उचलला गेला.

"आईला काय झालं?" भाऊजींचा आवाज. हॅलो नाही, काही नाही. धाकट्याचा फोन येतोय म्हणजे तेच, दुसरं काय असणार, असं त्यांनी धरलं होतं.

"काही नाही, दादा. आई बरी आहे. इथेच बसलीय."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मग?"

"कोड हवा होता."

"कसला कोड? नंबर काढलात ना बाबांचा."

"भाऊजी, तो मी काढला," मी मध्येच बोलले. "ह्यांना विचारलंसुद्धा नव्हतं. तुमचा त्रास वाचेल म्हणून केलं. माझी चूक झाली."

"मी कधी म्हटलं मला त्रास होतो?" भाऊजी म्हणाले. मग खण ओढल्याचा आवाज आला. काहीतरी खाली पडलं, त्यांनी उचललं. "बंद आहे. बॅटरी पार उतरलीय."

"लाव ना मग चार्जिंगला."

"लावलाय. सुरू व्हायला वेळ लागेल."

"दहाच मिनिटं असतात रे, दादा. त्यातली पाच राहिलीत."

"दहा मिनिटं," भाऊजी म्हणाले. "मी तीस तास थांबलो होतो."

नवऱ्याचा चेहरा असा झाला की मला त्याच्याकडे बघवेना. फोन ठेवतो की काय अशी भीती वाटली. सासूबाईंनी सुया मांडीवर ठेवल्या.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"नाही, तुला माहीत नाही. लोक विचारत होते, कुठवर आला? मी म्हणत होतो, विमानात बसला असेल आता. मला विमानांच्या वेळा पाठ झाल्या होत्या. बाबांच्या पायाशी बसून हिशेब करत होतो, हे चुकलं तर ते. आणि मग सगळ्यांसमोर उठून सांगावं लागलं, नाही येत तो."

"मला नाही म्हणता आलं नाही, दादा." नवरा आता सरळ रडत होता, आणि काळ्या हातांनी डोळे पुसत होता, गालभर ग्रीस. "तू म्हणालास ये, मी म्हणालो येतो. येत नाही म्हटलं असतं तर बाबा तेव्हाच गेले असते माझ्यासाठी. मी येतोय तोवर ते आहेत, असं वाटत होतं. तू थांबलास म्हणून तेवढे तीस तास मला मिळाले. हे तुला सांगायचं होतं. कसं सांगू कळलं नाही."

भाऊजींकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, जाऊबाईंचा दबका आवाज आला, "कोण आहे?" भाऊजी म्हणाले, "धाकटा आहे." मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"अजून टक्कल वाढलं का तुझं?" त्यांनी विचारलं.

"तुझ्याइतकं नाही."

"आईला त्या गोळ्या देताय ना जेवणाआधीच्या?"

"आधीच्या की नंतरच्या?" नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याला ठाऊक असेल तर शपथ.

"आधीच्या," सासूबाई, भाऊजी आणि मी, तिघंही एकदम बोललो.

तेवढ्यात पलीकडे बाबांच्या फोनचं सुरू होतानाचं ते जुनं संगीत वाजलं. आमच्या सगळ्यांच्या ओळखीचं. बाबा ते कधीच बदलायचे नाहीत. पाठोपाठ टिंग झालं.

"आला," भाऊजी म्हणाले. "लिहून घे. सात. शून्य. शून्य. तीन. घेतलंस? सात, शून्य, शून्य, तीन."

मी रिमोट उचलून टीव्हीकडे वळले. चौकोन नव्हते. घड्याळ कधीच शून्यावर येऊन थांबलं होतं आणि तिथे लिहिलं होतं, वेळ संपली.

"आला का?" सासूबाईंनी विचारलं. महिन्याभराने विचारलं.

"आला," मी म्हटलं. "पण उशीर झाला."

"होऊ दे," त्या म्हणाल्या, आणि मांडीवरच्या सुया उचलल्या. "दुसरा मागव."

"मागव," फोनमधून भाऊजी म्हणाले. "मी थांबतो."